अर्ध्या ग्रॅमची आकडी

पोर्शे बॉक्स्टर, 2010 ची, 987 मालिकेतली. 2.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सीटांच्या मागे, छत कापडी, मालक दुसरा. तक्रार एका ओळीची: डॅशबोर्डची डावीकडची पट्टी बंद राहत नाही.

मालक माझा शाळेपासूनचा मित्र. ठाण्यात नौपाड्यात त्याचा दातांचा दवाखाना आहे. मी रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकच्या वस्तूंच्या साच्यांची डिझाइनं करतो. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण ओळखीत कोणाच्या मिक्सरची मूठ तुटली किंवा सुटकेसचं चाक निखळलं, तरी ते माझ्याच टेबलावर येतं. या वेळी बॉक्स्टर आली, एवढंच.

आधी ही पट्टी कसली ते सांगतो. ग्लोव्ह बॉक्सच्या वर डॅशबोर्डला एक लांबट आडवी पट्टी असते. ती खाली पाडली की मागे दोन कपहोल्डर दिसतात. होल्डर दाबला की स्प्रिंगच्या जोरावर थोडा बाहेर येतो, मग पुढे ओढून त्यात ग्लास ठेवायचा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून हा सगळा संसार डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. दिसायला नाजूक, आणि वागायलाही तसाच. जर्मन इंजिनिअरांना चालत्या गाडीत काही पिणं हाच गुन्हा वाटतो आणि कपहोल्डर ते शिक्षा म्हणून बनवतात, अशी एक जुनी थट्टा आहे. हा होल्डर हातात घेतल्यावर मला ती थट्टा वाटेना.

डाव्या होल्डरचं लॉक, म्हणजे त्याला आत अडकवून धरणारी प्लास्टिकची छोटी आकडी, तुटलं होतं. आत दाबला की लॉक अडकायला हवं, ते अडकत नव्हतं. होल्डर स्प्रिंगच्या जोराने बाहेर येऊन पट्टीला आतून ढकलायचा आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला पट्टी शेजारच्याच्या मांडीवर उघडायची. ठाण्यात किती स्पीडब्रेकर आहेत ते ठाणेकरांना सांगायला नको.

आरोपी ठरलेली होती: मित्राची आई. काकू एका रविवारी घोडबंदर रोडने गायमुखकडे निघाल्या होत्या, जवळ स्टीलची एक लिटरची भरलेली बाटली. ती त्यांनी होल्डरमध्ये ठेवली. मग खड्डा, मग पट्टी खाली. घरी आल्यावर मित्राने अंगठ्याने दाबून-दाबून पट्टी बसवायचा प्रयत्न केला आणि उरलंसुरलंही गेलं. त्यानंतर तीन आठवडे जेवताना दर दोन दिवसांनी बाटलीचा विषय निघत होता.

"पोर्शेत कोणी एक लिटरची बाटली ठेवतं का गं?"

काकूंचा जबाब मी मुद्दाम पुन्हा ऐकून घेतला. "अरे, मी ठेवली हे खरं. पण ती पट्टी हळूच खाली आली. कट्, फट् असं काही वाजलं नाही. मोडलं असतं तर वाजलं नसतं का?"

तेव्हा मी मान डोलावली आणि चहा प्यायलो. या वाक्याची किंमत मला नंतर कळली.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं होतं की आकडी सुटी मिळत नाही. होल्डरची पूर्ण असेंब्ली मागवावी लागेल, आणि पट्टीवर ओरखडे आहेत म्हणून पट्टीही बदललेली बरी. मजुरी धरून आकडा पाच अंकी. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कंपनी जो भाग सुटा विकत नाही तो त्यांनी आणायचा कुठून?

दुसरा मार्ग जुन्या मालाचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मारुती-ह्युंदाईचं जवळपास काहीही मिळतं, बॉक्स्टरचा कपहोल्डर मिळणं कठीण. परदेशातल्या भंगार गाड्यांचे भाग ऑनलाइन दिसतात, पण अमेरिका आणि जर्मनीच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशबोर्ड आरशात पाहिल्यासारखा उलटा. पट्टी तिथली घेतली तर बसणारच नाही. उजव्या स्टिअरिंगचा माल हवा तर इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलिया. जपानमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालतात, पण तिथले हौशी लोक युरोपच्या गाड्या मुद्दाम डाव्या स्टिअरिंगच्या घेतात, म्हणून जपानचा माल म्हणजे उजवाच असं धरून चालू नये. त्यात कुरिअर, कस्टम, केवायसीचे कागद. आणि एवढं करून हातात येणार तो तितकाच म्हातारा होल्डर, त्याच जागी मोडायला टेकलेला. मी मित्राला म्हटलं, आधी आपला उघडून बघू.

शनिवारी दुपारी गाडी माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. इथे एक सावधगिरी. होल्डरच्या वरच प्रवाशाची एअरबॅग आहे. तिला हात लावायचा नव्हता, तरी पुढच्या डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि पंधरा मिनिटं नुसते गप्पा मारत बसलो. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा. या मालिकेत पुढची डिकी विजेवर उघडते, म्हणून बॅटरी काढल्यावर ती चुकूनही बंद करू नये. मी तिच्या लॉकजवळ घडी केलेला टॉवेल ठेवून दिला. मित्र हसला. पण त्याने एकदा डिकी आदळली असती तर ती उघडायला फ्यूज बॉक्समधून वीज देण्याची कसरत करावी लागली असती, आणि मग मी हसलो असतो.

पट्टी क्लिपांवर बसलेली. जुन्या क्लिपा गार असताना ठिसूळ असतात. म्हणून हेअर ड्रायरने कोमट केल्या आणि प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने एकेक उचकटली. स्क्रूड्रायव्हर घातला की डॅशबोर्डला खोक पडते आणि ती आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहते. मग स्टार स्क्रू, आणि होल्डर बाहेर.

पट्टीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा चकचकीत डाग दिसला. आधी कोणीतरी थिनर मारला होता. या काळातल्या महागड्या गाड्यांच्या आतल्या प्लास्टिकवर मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा थर असतो. खाडीकाठच्या दमट हवेत तो काही वर्षांनी विघटित होऊन चिकट होतो, मग लोक हातात येईल त्याने पुसतात. चिकटपणा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि चिकाटी पुरते. थिनर थराबरोबर खालचं प्लास्टिकही खातो. असो, डाग आमच्या तक्रारीत नव्हता. पण आमच्याआधी इथे कोणाचा तरी हात फिरून गेलाय, हे त्याने सांगितलं.

तुटलेला तुकडा होल्डरच्या पोटातच पडलेला होता. चौदा मिलिमीटर लांब, नखाएवढी आकडी. मी व्हर्निअर शोधत होतो तोवर मित्राने तोंड तपासायचा आरसा आणि डोळ्यांवर लावायचं भिंग काढलं. ही हत्यारं गाडीतच असतात म्हणे.

"अरे, हे आत्ताचं नाही," तो म्हणाला.

मोडलेल्या तोंडाचा दोनतृतीयांश भाग मळकट तपकिरी होता. त्यावर धूळ बसलेली आणि कडेला पांढरी भुकटी. उरलेला तिसरा हिस्सा स्वच्छ, ताजा. पांढरी भुकटी म्हणजे सुपरग्लूची वाफ थिजून बसलेला थर. म्हणजे ही आकडी पूर्वीच मोडली होती किंवा बरीचशी चिरली होती. आधीच्या मालकाने ती सुपरग्लूने चिकटवली आणि गाडी विकली. तो जोडही आतल्या आत सुटलेला होता, आणि उरलेल्या एकतृतीयांश प्लास्टिकवर होल्डर दिवस काढत होता. काकूंच्या बाटलीने शेवटचा धागा ताणला, आणि मुलाच्या अंगठ्याने तो तोडला. आवाज का आला नाही याचंही उत्तर मिळालं. दोन हिस्से आधीच वेगळे होते, वाजायला फारसं काही शिल्लकच नव्हतं.

तरी बाटली अगदीच निर्दोष नाही. भरलेली बाटली साधारण 1.3 किलो. होल्डर पूर्ण बाहेर ओढला की तीच आकडी थांबा म्हणूनही काम करते. बाटलीचा मध्य तिच्यापासून नऊ सेंटिमीटर पुढे, आणि आकडीचा आधार फक्त सहा मिलिमीटरचा. पंधरापट तरफ. म्हणजे गाडी उभी असतानाच आकडीवर सुमारे वीस किलोचा ताण, आणि खड्ड्यात तो किती वाढत असेल ते देव जाणे. त्यापुढे कागदी कपातली कॉफी म्हणजे अगदीच किरकोळ.

आता प्रश्न: सुपरग्लूने का धरलं नाही? मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. प्लास्टिक कोणतं हे कळल्याशिवाय गोंदाची बाटली उघडायची नाही. गाडीच्या बहुतेक भागांवर मागच्या बाजूला बाणांसारख्या दोन खुणांमध्ये नाव कोरलेलं असतं. होल्डरच्या खोक्यावर पीसी अधिक एबीएस, म्हणजे दोन प्लास्टिकांचं मिश्रण, असं होतं. आकडी मात्र सरकणाऱ्या दांडीचा भाग, आणि दांडीवर काहीच खूण नाही.

मग आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि मीठ. मीठ तळाशी तसंच पडून राहीपर्यंत ढवळायचं, म्हणजे पाण्याने आणखी मीठ घ्यायला नकार देईपर्यंत. अशा पाण्याची घनता साधारण 1.2 होते. पॉलिप्रॉपिलीन साध्या पाण्यातही तरंगतं. एबीएस साध्यात बुडतं, मिठाच्यात वर येतं, आणि साधं नायलॉनही तसंच. आमचा तुकडा दोन्ही ग्लासांत दगडासारखा तळाला गेला. आता उरले काचेचे तंतू घातलेलं नायलॉन, पीबीटी, किंवा पॉलिअ‍ॅसिटल, ज्याला वर्कशॉपमध्ये सगळे डेलरिन म्हणतात. मोडलेल्या तोंडावर तंतू दिसत नव्हते. ब्लेडने केसाएवढी साल काढली आणि गॅलरीत चिमट्यात धरून पेटवली. ज्योत निळसर, जवळजवळ दिसेना, धूर नाही, आणि वास आला तसा मित्र मागे सरकला.

"फॉर्मलिन! पहिल्या वर्षाचं डिसेक्शन हॉल!"

डेलरिन जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि ते पाण्यात मुरवलं की फॉर्मलिन. घरात हा प्रयोग करू नये, बाहेर करतानाही तीळभर सालच घ्यावी. पण एवढं पक्कं उत्तर मला रबाळ्याच्या प्रयोगशाळेतूनही लवकर मिळालं नसतं. डेलरिन गुळगुळीत, चिवट, तेलाशिवाय घसरणारं, म्हणून सरकत्या भागांना उत्तम. त्याच गुणांमुळे त्यावर कोणताही घरगुती गोंद टिकत नाही. सुपरग्लू, एपॉक्सी, सगळे नुसते वर बसतात आणि पापुद्र्यासारखे सुटतात. आधीच्या मालकाचा हेतू चांगला असेल, पण गोंद लावायची ती जागाच नव्हती.

प्रिंट करून बघितलं. थ्रीडी प्रिंटिंगमधलं सगळ्यात सोपं प्लास्टिक पीएलए. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो. ते बाद. पेटजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये आकडी उभी छापली, तर अकराव्या दाबाला थरांच्या रेषेवरून सरळ दुभंगली. आडवी छापली, म्हणजे थर आकडीच्या लांबीच्या दिशेने. ती मोडली नाही, पण पन्नास-साठ वेळा दाबल्यावर वाकलेली राहिली, उसळी गेली. आकडी म्हणजे खरं तर एक छोटी पानाची स्प्रिंग, आणि स्प्रिंगला उसळी नसेल तर ती नुसती काडी.

मूळ आकार हवा होता, आणि तो उजव्या होल्डरमध्ये शाबूत होता. पण डावा आणि उजवा एकमेकांचे आरसे, आणि आतली आकडी व्हर्निअरच्या जबड्यांत येईना. इथून प्रकरण माझ्या हातातून डॉक्टरच्या हातात गेलं. त्याने मागच्या पोकळीत मेण भरलं, नाहीतर पुट्टी आत अडकून बसते. मग दाताचं माप घ्यायची सिलिकॉनची पुट्टी दाबली, पाच मिनिटांनी अलगद काढली आणि तिच्यात डाय स्टोन, म्हणजे दातांचे नमुने बनवायचं कडक प्लास्टर, ओतला. दाढेऐवजी आकडी, बाकी रोजचंच काम. डाय स्टोन घट्ट होताना हजारात एक-दीड भाग फुगतो, चौदा मिलिमीटरला तो फरक विसरून जावा असाच. माप घेतलं, संगणकावर आरशासारखं उलटवलं.

आणि तेव्हा मला मूळ पाप दिसलं. आकडी जिथे दांडीतून फुटते त्या काखेत कोपरा धारदार होता, गोलाई जवळजवळ नाहीच. अशा कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. शिकाऊ पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो: काख गोल ठेव. आता पोर्शेच्या श्टुटगार्टवाल्यांना सांगणारा मी कोण, पण माझ्या आकडीला मी अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली.

टूलरूममधल्या मामांकडे डेलरिन रॉडची उरलेली टोकं नेहमी पडलेली असतात. मिलिंगवर आकडी काढायला त्यांना एक दुपार लागली, पैसे आठशे. वजन केलं तर अर्धा ग्रॅम. चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "एवढ्याशा तुकड्याला एवढा थाट कशाला?" मी गाडीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मग आठशे कमीच सांगितले."

आता आकडी दांडीला धरायची कशी? गोंद नाही, हे ठरलेलं. मी छोटा स्क्रू घालायच्या विचारात होतो, पण तेवढ्या जागेत आटे पडले असते तर दांडीच चिरली असती. मित्राने कागदावर दाताचं मूळ काढलं. दाताचं डोकं गेलं आणि मूळ शाबूत असलं की ते मुळात खिळी रोवून तिच्यावर नवं डोकं उभं करतात. तेच इथे. दांडीत तीन मिलिमीटरची खाच कापली, आकडीचा पाय तिच्यात घट्ट बसवला, आणि आडवी दोन भोकं पाडून 0.9 मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेच्या दोन खिळ्या दाबून घातल्या. तार दवाखान्यातलीच, दातांच्या क्लिपा वळवायची. भोकं तारेपेक्षा किंचित लहान, म्हणजे डेलरिन स्वतःच तार आवळून धरतं.

या खिळ्यांवरून आमचा वाद झाला, आणि तो मी मुद्दाम लिहितो. वर एअरबॅग आहे. ती फुगेल त्या क्षणी आसपासचा कोणताही सुटा कठीण तुकडा बंदुकीची गोळी होऊ शकतो. म्हणून मी दोन अटी घातल्या. खिळ्यांची टोकं दांडीच्या आत बुडलेली हवीत आणि बाहेरून होल्डरच्या खोक्याने झाकलेली हवीत, म्हणजे आकडी पुन्हा मोडली तरी तार बाहेर पडायला वाट नको. आणि वरच्या पट्टीला, एअरबॅगच्या झाकणाला, त्याच्या कडेला काहीही लावायचं नाही, दोन थेंब गोंदसुद्धा नाही. या अटी पाळता येत नसतील तर सर्व्हिस सेंटरचा पाच अंकी आकडा मुकाट्याने भरावा, असं माझं मत आहे. कपहोल्डरसाठी कोणाचा डोळा पणाला लावू नये.

जोडण्याआधी टेबलावर चाचणी. मित्राच्या मुलीला दाबायला बसवलं, दर दाबाला वहीत एक रेघ. दोनशे रेघा झाल्यावर तिने संप केला. आकडी तशीच, काख स्वच्छ. मग पाव किलोचं वजन ठेवून होल्डर हलवला, आणि तिथेच थांबलो. बाटलीची चाचणी घेतली नाही. ती घेतली असती तर बाटली ठेवायला परवानगी दिल्यासारखं झालं असतं.

गाडीत सगळं परत बसवलं, बॅटरी जोडली. दाराच्या काचांना वरचं टोक पुन्हा शिकवावं लागलं. या गाडीच्या काचांना चौकट नाही. दार उघडताना काच जराशी खाली सरकते आणि बंद झालं की वर जाते, आणि बॅटरी काढल्यावर ती हे विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ दाबून धरलं की तिला आठवतं.

काकूंना भिंगातून आकडीचं मोडलेलं तोंड दाखवायचं काम मित्राने माझ्यावर टाकलं. त्यांनी मळका भाग पाहिला, ताजा भाग पाहिला, पांढरी भुकटी कशाची ते विचारून घेतलं.

"म्हणजे कोणीतरी आधी मोडली, चिकटवली आणि आम्हाला विकली."

"हो काकू."

"आणि हा तीन आठवडे मला बोलतोय." मग मुलाकडे न बघता, "मी म्हटलंच होतं, वाजलं नाही म्हणून."

त्यानंतर पावसाळा उलटला. घोडबंदरला या वर्षीचे खड्डे स्वतंत्र प्रकरण ठरावेत असे होते, तरी पट्टी एकदाही पडली नाही. फरक एकच: डावा होल्डर उजव्यापेक्षा किंचित कडक दाबावा लागतो, माहीत असलेल्यालाच जाणवेल एवढा. उजव्याची काख अजून मूळचीच, धारदार, आणि भिंगाखाली तिथे एक बारीक पांढुरकी रेघ दिसायला लागली आहे. तिच्यासाठी मामांकडून दुसरी आकडी आधीच काढून ठेवली आहे, या खेपेला बाराशेत. ती दाताच्या प्लेटच्या गुलाबी डबीत ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. बाटली काकूंच्या पायाशी.